काकूंच्या घरची पार्टी

"मेधाताई, आई झोपेतच गेली... शी लुक्ड सो पीसफुल," वसुधाकाकूंच्या मुलीचा, अनघाचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या पार्किंग लॉटमध्ये होते. नंतर बराच वेळ गाडीतच बसून राहिले. मेपलची पानं काचेवर अलगद येऊन टेकत होती...

अमेरिकेत, श्रूजबरी गावात आम्ही नवीन होतो तेव्हा काकूंनी पहिल्यांदा जेवायला बोलावलं. वेळ ऐकण्यात माझा घोळ झाला आणि मी तासभर आधीच पोचले. काकूंनी जुन्या गाऊनमध्येच दार उघडलं. मी ओशाळून म्हणाले, "गाडीत थांबते मी." त्यांनी माझ्या हातात कोथिंबिरीची जुडी दिली. "बरी आलीस. ही निवड, मी आंघोळ करून येते." त्या अनोळखी, उन्हाने भरलेल्या स्वयंपाकघरात एकटीच कोथिंबीर निवडताना, देश सोडल्यापासून पहिल्यांदाच मला परकं वाटलं नाही.

लहान मुलांच्या डॉक्टर म्हणून काकूंनी आयुष्यभर घड्याळ बघत काम केलं. घरच्या पार्टीत मात्र कुणालाच वेळेचं भान नसे. पिठलं-भात त्या करायच्या, बाकी ज्याला जे सुचेल ते. काही कुठंय विचारलं, की बसल्या जागेवरून ओरडायच्या, "असेल तिथेच. बघ ना जरा." कुणी पापड भाजतंय, कुणी कार्पेटवर आडवं झालंय, गप्पा या खोलीतून त्या खोलीत तरंगत चालल्यात... ते बघून मीही हौसेने घरी पार्टी केली. अकरा पदार्थ! दुसऱ्या दिवशी काकूंचा फोन आला. "सगळं छान झालं होतं गं. पण तू कुठे होतीस?" मला ते फार लागलं. पण खरंच, मी कुणाशी काय बोलले, मला एक वाक्य आठवेना.

या उन्हाळ्यात त्यांचा कॅन्सर परत आला. ट्रीटमेंट नको म्हणाल्या, पार्टी मात्र हवी होती. मी भांडलेच, "कॅन्सल करा काकू!"

"कशाला? मी बसून राहीन. तुम्ही करा."

पार्टीच्या शनिवारी दुपारी, भर गप्पांमध्ये, काकूंना खुर्चीतच डुलकी लागली. सगळे कुजबुजायला लागले. मी ताटल्या गोळा करायला उठले. डोळे न उघडताच काकू म्हणाल्या, "गप्प का झालात? बोला की... तुमच्या बोलण्यात छान झोप लागते." मग आवाज हळूहळू पुन्हा चढत गेले. मी ताटल्या तशाच ठेवून त्यांच्या पायाशी बसले. झाडांच्या सावल्या भिंतीवरून सरकत होत्या, आणि त्या सगळ्या हसण्याबोलण्याच्या मधोमध काकू शांत निजल्या होत्या.

परवा रविवारी अनघासकट चार जणांना घरी बोलावलं. खिचडी तेवढी शिजत होती, बाकी काहीच तयार नव्हतं. स्वयंपाकघरातून नवऱ्याने विचारलं, "मीठ कुठंय गं?"

"असेल तिथेच. बघ ना जरा," मी बसल्या जागेवरून ओरडले.

अनघा चमकून माझ्याकडे बघत राहिली, आणि मग कितीतरी दिवसांनी मोठ्याने हसली. "ओ माय गॉड, मेधाताई... दॅट्स आई!" तिचे डोळे भरून आले होते. मी पाय पोटाशी घेतले, सोफ्यावर तिच्याकडे सरकून बसले. उठायची मला अजिबात घाई नव्हती.