आधी फळा, मग माणूस

चादरीची घडी अर्धीच झाली होती. दोन टोकं माझ्या हातात, दोन भाऊजींच्या. वाळलेले कपडे घेऊन मी खोलीत येते न येते तोच ते दारात दिसले, आणि रिकाम्या हातांनी आलेल्या माणसाला मी तसं सोडत नाही. पण त्या गुरुवारी भाऊजी टोकं धरून नुसते उभेच राहिले.

"वहिनी, पुसलं हो त्यांनी."

"काय पुसलं?"

"नाव. ओल्या फडक्याने. आणि फडकं घरून आणलं होतं!"

आता हे कळायचं तर आधी भाऊजी माहीत असायला हवेत. माझे धाकटे दीर. आमच्या वस्तीतल्या दोन खोल्यांच्या वाचनालयाचे ग्रंथपाल, शिपाई आणि झाडूवाले, तिन्ही तेच. आतल्या खोलीत पुस्तकं, बाहेरच्या खोलीत दोन बाकं आणि दारापाशी काळा फळा. फळ्यावर वरच्या बाजूला पांढऱ्या रंगात कायमचं लिहिलेलं, ‘आगामी कार्यक्रम’. त्याखाली खडूने काय उमटेल ते भाऊजींच्या मनावर. अक्षर मोत्यासारखं, आणि पद्धत अशी की आधी फळ्यावर लिहायचं, मग त्या माणसाला विचारायचं. ‘ठिगळ कसे लावावे’ हे आपलं व्याख्यान शनिवारी आहे, हे शिंप्याला गिऱ्हाइकाकडून कळलं. न्हाव्याला चौघांनी "किती वाजता हो तुमचं?" असं विचारल्यावर त्याचाही इलाज चालला नाही. कुरकुरत का होईना, सगळे यायचे. एकदा लिहिलेलं नाव माणूस खोटं पाडत नाही, यावर भाऊजींची श्रद्धा माझ्या देवावरच्या श्रद्धेच्या तोडीची. मी म्हणायचे, "देवही आधी विचारत नाही, भाऊजी, पण निदान चारचौघांत फळ्यावर तरी लिहीत नाही."

या वेळी मात्र प्रसंग बाका होता. वाचनालय समितीच्या अध्यक्षांनी सांगून टाकलं होतं की शनिवारी वीस माणसं जमली नाहीत, तर बाहेरची खोली समितीच्या जुन्या कागदांच्या कपाटांना द्यायची. म्हणजे बाकं जाणार, फळा जाणार, कार्यक्रम बंद. मागच्या वेळी अकरा माणसं होती. त्यांतली मी, आमचे हे आणि सासूबाई अशी तीन तर घरचीच. म्हणून भाऊजींनी हुकमी एक्का काढला आणि फळ्यावर लिहिलं, ‘शनिवार, दुपारी चार: निवृत्त पोस्टमन यांच्या आठवणी’.

पोस्टमनकाका बोलायला लागले की लोक हातातली कामं सोडून ऐकतात. अडचण एवढीच, की गेली दोन वर्षं ते वाचनालयाची पायरी चढले नव्हते. त्यांचं नाव सभासदांतून काढलं होतं, आणि ते भाऊजींनीच. गुन्हा काय, तर पुस्तकांच्या समासात पेन्सिलीने लिहिणं. तेही रहस्यकथांच्या. पान बारावर, ‘बागेतल्या माळ्यावर लक्ष ठेवा’. पान चाळीसवर, ‘मी काय म्हणालो होतो?’ भाऊजींनी अख्खा उन्हाळा हातात रबर घेऊन ते सगळं खोडलं होतं.

"पुसताना काही बोलले का?" मी विचारलं.

"म्हणाले, तू माझं लिहिलेलं खोडलंस, मी तुझं खोडलं. फिटंफाट."

"बरोबरच आहे की."

"वहिनी, तुम्ही नक्की कोणाच्या बाजूने?"

"चादरीच्या. ताणून धरा जरा."

त्यांचं उतरलेलं तोंड बघून मला राहवेना. एक गोष्ट मी देवाला केव्हाच सांगून टाकली होती, भाऊजींना सांगितली नव्हती. पोस्टमनकाकांचा जन्म गेला खाली कार्बन ठेवून पावत्या लिहिण्यात. हाताचा दाब असा, की रबराने काळं जातं, पण खाच राहते. पान उजेडात तिरपं धरलं की सगळं वाचता येतं. मी तर ती पुस्तकं न्यायचे त्याचसाठी.

"तुम्ही?" भाऊजी म्हणाले.

"मी एकटी कुठे? शिंपी मान वाकडी करून का वाचतो? तुम्हाला वाटतं, त्याची मान आखडलीय."

भाऊजींनी चादर सोडली आणि मटकन खाली बसले. "म्हणजे उन्हाळाभर मी जे..."

"हाताला व्यायाम झाला. आता उठा आणि त्यांना जाऊन विचारा."

"विचारलं आणि नाही म्हणाले तर?"

एवढ्या वर्षांनी मला तेव्हा उमगलं, की हा माणूस आधी फळ्यावर का लिहितो. नकाराची भीती. स्वतःच्या लग्नाचं विचारायलाही त्यांनी मलाच धाडलं होतं. जाऊबाई अजून त्यावरून त्यांना चिडवतात. या वेळी मी काही जायची नव्हते. मी देवाला हात जोडले आणि भाऊजींच्या हातात मी घरी आणलेलं ते माळ्याचं पुस्तक दिलं.

पुढची हकिगत मी त्यांच्या तोंडून तीनदा ऐकली, तिन्ही वेळा थोडी निराळी. काका दारातच म्हणाले, "काय रे, आता माझ्या भिंतीवर लिहायला आलास?"

"नाही. विचारायला आलोय. शनिवारी याल का?"

"कशाला?"

भाऊजींनी पान बारा खिडकीपाशी तिरपं धरलं. "हे वाचून दाखवायला."

काकांनी चष्मा वर केला, खाली केला. "अजून दिसतंय की रे!" मग घसा साफ करून म्हणाले, "येऊ ते पाहुणा म्हणून, की सभासद म्हणून?"

"सभासद म्हणून."

"आणि पेन्सिल?"

भाऊजींनी पुस्तक मिटलं. "चालेल. पण खुनी कोण ते लिहायचं नाही."

"मग लिहू काय, हवापाणी?"

बरीच घासाघीस होऊन ठरलं, की संशय लिहायचा, नाव नाही.

शनिवारी तिसरं बाक शिंप्याच्या दुकानातून आणावं लागलं. अध्यक्ष बोटं मोजत उभे होते, वीस झाल्यावर मुकाट्याने बसले. एकूण सव्वीस, आणि या वेळी घरची तिघं मी आधीच वजा केलीत. कार्यक्रम संपल्यावर अध्यक्ष काकांच्या कानाशी लागून विचारत होते, "माळीच ना हो शेवटी?"

काका म्हणाले, "सभासद आहात ना? मग वाचा."

कपाटांचा विषय पुन्हा निघाला नाही.

आज रविवारी दुपारी मी वाचनालयात फडकं मारायला गेले, तर फळ्यावर नुसता वार आणि वेळ. नावाची जागा कोरी, आणि भाऊजी खडू हातात घेऊन तिच्याकडे उपाशी माणसासारखे बघत होते. मी खडू काढून घेतला. उद्या सकाळी त्यांना चष्मेवाल्याकडे जायचंय, विचारायला.