थुंकीतला राग

मिलमधल्या रंगखात्याच्या मास्तरने आईवरून शिवी दिली की तो खालच्या ओठामागची तंबाखू जिभेने सरकवायचा आणि गप्प राहायचा. "उलटून का बोलत नाहीस?" असं मी विचारलं की म्हणायचा, "कसा बोलू भाऊ? तोंड भरेल शे ना मन्हं."

असा माणूस तुमच्याही ओळखीचा असेल. नव्वदच्या दशकात मी सुरतेत पांडेसऱ्याच्या एका डाईंग मिलच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो. तो खानदेशातून आलेला, कापड रंगवायच्या मशीनवर. मास्तरने एकदा लोखंडी गज फेकून मारला. भुवई फाटली. मी पट्टी बांधत होतो, तर म्हणतो कसा, "नेम चांगला शे मास्तरना." हसताना त्याच्या डोळ्यात रक्त उतरत होतं.

त्याच वर्षी एक डॉक्टरीणबाई आल्या. कामगारांच्या थुंकीतून त्यांना मनावरचा ताण मोजायचा होता. कामगाराने कापूस चघळायचा, नळीत टाकायचा. आकडा प्रयोगशाळेतून येई. बाईंनी मला दोन गोष्टी बजावल्या होत्या. आधी तासभर तंबाखू नको, आकडा फुगतो. आणि कुणाचा आकडा कुणाला सांगायचा नाही.

मी दोन्ही मोडल्या. पाळी बदलायची घाई होती. त्याने तंबाखू थुंकली आणि मी लगेच कापूस दिला, चूळसुद्धा भरू दिली नाही. त्याचा आकडा सगळ्यांत वरचा आला. मॅनेजरने चहा पाजून विचारलं, "इनमें सबसे गरम कौन है?" मला मोठेपणा वाटला. मी त्याचं नाव सांगितलं.

हा एक दिवस मास्तरचा जीव घेणार, असं मॅनेजरने ठरवून टाकलं. दुसऱ्या दिवशी भर दुपारी मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराच्या चौघा माणसांनी त्याला गेटवर पाडलं. पाइपाने मारलं. "मेरेको मारनेवाला था साला!" मास्तर ओरडत होता. जबडा मोडल्याचा आवाज मला खिडकीतून ऐकू आला. त्याने हात डोक्यावर धरले होते, एकदाही उगारले नाहीत. मी दवाखान्याची कडी काढली, ती ते चौघे गेल्यावर.

आठ दिवसांनी बायको त्याला घेऊन आली. जबडा तारेने बांधलेला, काम गेलेलं. दोघं कायमचे गावी निघाले होते.

"भाऊ, यास्ना थुंकीमा असं काय निंघनं?" तिने विचारलं.

"काही नाही वहिनी. तपासणीच चुकली होती." कुणी चुकवली, ते मी बोललो नाही.

ती त्याच्याकडे वळली. "आयकं का? तुमनामा काही खोट नव्हती."

त्याला बोलता येत नव्हतं. त्याने माझे दोन्ही हात धरले, वाकला आणि त्यांना कपाळ लावलं.