समोरासमोरच्या तबकड्या

रविवारी दुपारी आईला विज्ञान संग्रहालयात नेले. वडील गेल्यानंतर ती प्रथमच बाहेर पडली होती. एका दालनाच्या दोन टोकांना माणसाहून उंच तबकड्या समोरासमोर उभ्या आहेत. एकीपाशी कुजबुजले की दुसरीपाशी स्पष्ट ऐकू येते. मधल्या गर्दीला पत्ता लागत नाही.

"आई, बोल काहीतरी," तिला एका तबकडीपाशी उभे करून मी दुसरीपाशी जाऊन म्हणाले.

"वेडी दिसेन गं मी."

थोड्या वेळाने पुन्हा तिचा आवाज आला. "अहो, जेवलात का?"

फोनवर वडिलांना तिचा पहिला प्रश्न हाच असे.

तबकडीत आवाज साठत नाही, नुसता परत फिरतो, असे फलकावर लिहिले होते. मी माझ्या तबकडीपासून बाजूला झाले. संग्रहालय बंद होण्याची घंटा वाजली, तेव्हा कानावरचा पदर मागे सारून आई अजून तबकडीसमोर उभी होती.