सातवा नियम आणि ओटमारचा अंगठा

ओटमार माउटे रिमोटवर उडणाऱ्या आपल्या छोट्या हेलिकॉप्टरला बॅटरी जोडताना लोकांकडे पाठ करून बसायला लागला, तेव्हाच आम्हाला काहीतरी कळायला हवं होतं. पण आल्बच्या पठारावरच्या आमच्या छोट्या क्लबात नखरे सगळ्यांचेच असतात. एकजण उडवण्याआधी बूट बदलतो. एबरहार्ड तर सॉसेज पोटात गेल्याशिवाय रिमोटला हात लावत नाही. मग ओटमारच्या पाठीकडे कोण बघणार?

वय एकाहत्तर. चाळीस वर्षं त्याने मशीनच्या कारखान्यात लोखंडी सरकपट्ट्या हाताने खरवडल्या. पट्टी पट्टीवरून सरकली पाहिजे, पण केसभर डगडगता कामा नये आणि कुठे अडकताही कामा नये. या कामात सगळा भार उजव्या अंगठ्यावर येतो. निवृत्तीच्या दिवशी कारखान्याने त्याला भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि अंगठ्याच्या बुडाशी संधिवात दिला. घड्याळ दोन वर्षांत बंद पडलं.

संधिवात मात्र सुरू राहिला आणि डाव्या अंगठ्यातही उतरला. चहाचा कप धरता येई, रिमोटच्या दांड्या तर उत्तम हलवता येत, कारण त्याला बोटांची टोकं पुरतात. अडत होतं एकाच ठिकाणी. हेलिकॉप्टरची बॅटरी जोडायची तर दोन चिमुकले कनेक्टर दोन्ही हातांच्या चिमटीत धरून एकमेकांत दाबावे लागतात, आणि उतरल्यावर तसेच ओढून सोडवावे लागतात. ते घट्टच असायला हवेत, कारण त्यांतून जाणारी वीज काही टॉर्चच्या दिव्याची नव्हे.

कुणाला सांगायची सोय नव्हती, ती त्याच्याच करणीमुळे. मैदानावरच्या फळ्यावर सातवा नियम आहे: बॅटरी ज्याची त्याने आपल्या हाताने जोडायची, ज्याला जोडता येत नाही, त्याने उडवायचं नाही. बारा वर्षांपूर्वी एकाने रिमोट काखेत धरून दुसऱ्याला बॅटरी जोडायला सांगितली होती. काखेत दांडी वर सरकलेली, वीज लागताच पाती फिरली आणि जोडणाऱ्याच्या हाताला नऊ टाके पडले. तेव्हा मैदानाची देखरेख ओटमारकडे होती. त्याने त्याच संध्याकाळी नियम लिहिला, तोही लाल रंगात. तेव्हापासून देखरेखीवर असेल तो प्रत्येकाला विचारतो, "कोणी जोडली?" आणि उडवणारा म्हणतो, "मी." मग फळ्यावर आपल्या नावाची कपडे वाळत घालायची चिमटी लावायची आणि उडवायला जायचं.

त्या सप्टेंबरात ओटमारने स्वयंपाकघरातल्या टेबलावर तऱ्हेतऱ्हेचे कनेक्टर मांडले. रोस्विता, त्याची बायको, शेजारी बटाट्याच्या सॅलडसाठी बटाटे सोलत होती.

"हे काय, दुकान टाकतोयस?"

"निवडतोय."

"मग निवड. पण माझ्या सुरीला हात लावायचा नाही."

त्याचे जुने कनेक्टर लाल, चपटे, टी-आकाराचे होते. ते पकडीशिवाय सुटेनात, म्हणून बाद. पिवळे होते ते जोर लावल्यावर आत गेले खरे, पण बाहेर यायला तयार नाहीत. शेवटी एक टोक रोस्विताने धरलं, एक त्याने, आणि दोघं टेबलाच्या दोन बाजूंनी ओढत बसले.

"पंचेचाळीस वर्षांच्या संसारात आपण इतकं कधी भांडलो नव्हतो," ती म्हणाली.

मग त्याने गोल सोनेरी पिना घेतल्या. त्यांच्या टोकाला निमुळती नाकं होती, त्यामुळे त्या आपोआप वाट शोधत. घट्टपणा यायचा तो पिनेभोवतीच्या स्प्रिंगच्या चिरांमुळे. रोस्विता सालं टाकायला बाहेर गेली तेव्हा ओटमारने पकड उचलली आणि त्या चिरा हलकेच दाबून बसवल्या. आता पिन लोण्यात सुरी जावी तशी आत गेली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कामातली डगडग हुडकणाऱ्या माणसाने ही डगडग आपल्या हाताने केली. त्याला ते ठाऊक होतं. तरी त्याने पकड खणात ठेवली आणि रोस्विता आत आली तेव्हा "झालं बघ" म्हणाला.

शनिवारी देखरेखीवर स्वेन्या होती. चौतिशीची, पेशाने नर्स, आवाज असा की जत्रेत लाउडस्पीकर लागू नये.

"ओटमार! कोणी जोडली?"

"मी."

ते खोटं नव्हतं. दोन्ही हात आवळून, सगळ्यांकडे पाठ करून त्याने फळ्यावर चिमटी लावली. हेलिकॉप्टर वर गेलं, गिरक्या घेऊ लागलं, आणि तिसऱ्या मिनिटाला त्याचा आवाज बंद झाला.

थरथरीने सैल पिन निसटली होती. पात्यांचा कोन बदलणाऱ्या छोट्या मोटरींना वेगळी बॅटरी द्यायची ही ओटमारची जुनी सवय, म्हणून निदान रिमोटचं ऐकलं जात होतं. खाली शेताच्या वाटेवरून एक बाई कुत्रा घेऊन चालली होती. ओटमारने पाती उलट्या कोनात टाकली, खाली येताना ती वाऱ्यावरच फिरती ठेवली, हेलिकॉप्टर बाईपासून अलीकडे वळवलं आणि जमिनीपासून गुडघाभर उंचीवर सगळा उरलेला वेग खर्चून गवतावर ठेवलं. ठेवलंच, आपटलं नाही. बाईने वळूनसुद्धा पाहिलं नाही.

आमच्याकडे कुणी शिव्या घातल्या नाहीत की कौतुक झालं असं समजायचं. पण त्या दिवशी टाळ्या वाजल्या.

"म्हाताऱ्या, अजून हातात जादू आहे की रे!" एबरहार्ड तोंडात सॉसेज असतानाच ओरडला.

"कनेक्टरने दगा दिला वाटतं," स्वेन्या म्हणाली. "होतं असं."

इथे गप्प बसला असता तर प्रकरण मिटलं असतं. ओटमारने निसटलेली वायर हातात घेतली. पिन अजून गरम होती. त्याने ती स्वेन्यापुढे धरली.

"दगा मी दिला. या चिरा मी दाबल्यात, जोडायला सोपं जावं म्हणून. घट्ट कनेक्टर मला जोडता येत नाही. वर्ष होत आलं."

स्वेन्या म्हणाली, "अरे, मग आधी सांगायचंस. मी जोडून दिली असती."

"आणि सातवा नियम?"

"नियम तूच लिहिलास ना?"

"म्हणूनच," ओटमार म्हणाला. "ती बाई पंधरा पावलांवर होती, स्वेन्या."

त्याला चिमटी दाबून काढता येईना, तेव्हा त्याने ती ओढूनच काढली, खिशात घातली आणि केक न खाता घरी गेला. आमच्या मैदानावर दुपारच्या विश्रांतीचा केक कुणी सोडत नाही. त्यावरून सगळ्यांना कळलं की हा आता परत यायचा नाही.

त्याने तीन आठवडे बागेतली पानं गोळा केली, शेजाऱ्याचीही केली. हेलिकॉप्टरवर जुनी चादर टाकली. मग एकदा रोस्विता कपडे वाळत घालून आत आली ती चिमटी नाचवतच.

"तुझ्या पॅंटच्या खिशात धुवून निघाली. नाव आहे हिच्यावर. यावर मी मोजा टांगू की तू फळ्यावर टांगतोस?"

"मोजा टांग. माझ्याच्याने कनेक्टर जोडवत नाही, रोस्विता."

हे वाक्य त्याने बायकोसमोरही पहिल्यांदाच उच्चारलं. तिला वाईट वाटलं, आणि रागही आला, कारण वर्षभर ती बरण्यांची झाकणं आपणहून उघडून त्याच्यापुढे ठेवत आली होती आणि या गाढवाला वाटत होतं की तिला काही माहीतच नाही. तिने चिमटी रिकाम्या टोपलीत टाकली आणि टोपली दोन्ही हातांनी उचलली. तिने सुऱ्यांचा उघडा खण कमरेच्या धक्क्याने धाडकन बंद केला.

"अंगठा लागतो कशाला?" ती म्हणाली. "चाळीस वर्षं तू लोखंड सरकवलंस. आता एक बॅटरी सरकवता येईना?"

ओटमार खणाकडे बघत राहिला. मग उठून त्याने तो उघडला आणि तळहाताच्या टाचेने बंद केला. पुन्हा उघडला. पाचव्यांदा तो आपटला तेव्हा रोस्विताने त्याला तळघरात हाकललं.

हिवाळाभर तो खालीच होता. कनेक्टर त्याने तेच निवडले, गोल सोनेरी पिनांचे, पण नवे, चिरांना पकड न लावलेले. लाल चपटे जरा तिरके लागले तरी अडून बसत. या पिनांची निमुळती नाकं थोडाफार फरक सांभाळून घेत. अर्धा कनेक्टर त्याने हेलिकॉप्टरच्या सांगाड्यालाच बसवला. बॅटरी एका पातळ पट्टीवर बांधली आणि तिच्या पुढच्या टोकाला दुसरा अर्धा. पट्टी दोन सरकपट्ट्यांमधून आत जायची, आणि त्या सरकपट्ट्या त्याने रोज थोड्या थोड्या, दोन्ही मुठींत अवजार धरून खरवडल्या. बाहेर ओढायला मागे मनगटात अडकवायचा चामडी पट्टा. पहिल्या दोन जोड्या बिघडल्या. तिसरी सरकली तेव्हा त्याने रोस्विताला खाली बोलावलं, आणि ती दहा मिनिटं हातातलं काम टाकून नुसतं सरकवून बघत बसली.

मार्चमध्ये मैदान उघडलं. झुडपांच्या बुडाशी अजून बर्फ होता. ओटमार आला आणि हेलिकॉप्टर घेऊन लोकांच्या बरोबर समोर बसला. गुडघा टेकला, पट्टी सरकवली, तळहाताच्या टाचेने एकदा पूर्ण रेटली. टक असा आवाज झाला. स्वेन्याने वाकून बॅटरी हलवून पाहिली. हलली नाही. तिने ती दोन्ही हातांनी वर आणि बाजूंना ओढून पाहिली, तरी नाही.

"कोणी जोडली?" तिने विचारलं. आवाज नेहमीसारखा मोठा नव्हता.

"मी."

"मग जा, लाव चिमटी."

ओटमार फळ्यापाशी गेला. चिमटी साबणाने पांढरी पडली होती, नाव मात्र वाचता येत होतं. त्याने ती दोन्ही हातांत धरून दाबली. थंडीने अंगठे आणखीच आखडले होते. चिमटीचं तोंड उघडेना. मागून एबरहार्डचा हात पुढे आला आणि त्याने तो घाईघाईने खिशात घातला.

ओटमार वळला. या वेळी त्याने पाठ केली नाही. चिमटी स्वेन्याच्या हातात दिली आणि सातव्या नियमाकडे हनुवटीने खूण केली.

"वाच नीट," तो म्हणाला. "चिमटीबद्दल मी काही लिहिलेलं नाही. ही तू लाव."