वाऱ्याची वाट

"पाण्याला वाट दिलीस, आता वाऱ्यालाबी दे."

आकारामचं हे बोलणं शेवंताबाईनं इतक्यांदा ऐकलं होतं की त्यानं तोंड उघडायच्या आत ते तिच्या कानात वाजायचं. जेवताना कुणाला उचकी लागली तरी तो हेच म्हणायचा आणि वर पाठीत गुद्दा घालायचा. आजऱ्याच्या पलीकडं डोंगरात त्यांचं गाव. तिथनं हा थोरला भाऊ पोटासाठी खाली उतरला, वारणानगरच्या कामगार वसाहतीत पायपा वाहता वाहता जोडायला शिकला, आणि मग केस पांढरे होईतो त्यानं दुसरं काही केलं नाही. आवाज मोठा, मान ताठ. आपल्या हातचं काम आजवर चुकलेलं नाही, हे तो चारचौघांत छाती काढून सांगायचा. बहिणीला ते खरंच वाटायचं.

शेवंताबाई कसबा बावड्यात दिलेली. नवरा गेल्यावर वाटणी झाली. पुढचं घर धाकटा दीर गुंडू याच्याकडं गेलं, मागचा गोठा तिच्या वाट्याला आला. गोठ्याची तिनं खोली केली, सारवून लख्ख केली. पण पहाटे उठून परसाकडंला उसात जाणं काही सुटलं नाही. गुडघे गेले होते. बांध चढताना ती उसाचं पान धरायची, आणि पान तिचा हात कापायचं. उजाडायच्या आत माघारी यायचं, एवढी एकच घाई तिच्या आयुष्यात उरली होती.

२००३ सालच्या भाऊबीजेला ती भावाला ओवाळत होती. आकारामनं ताटात लुगडं ठेवलं नाही. पितळेची नवीकोरी तोटी ठेवली.

"हे काय रं, दादा?"

"तुझी ओवाळणी. बाकीची उद्या ट्रॅक्टरनं येतीया."

दुसऱ्या दिवशी विटा आल्या, पायपा आल्या. गोठ्याच्या भिंतीला लागून त्यानं फक्कीनं रेघा मारल्या. इथं संडासाचं भांडं, इथं न्हाणी, इथनं उतार, आणि परड्याच्या कोपऱ्यात खड्डा. मग कोळसा घेऊन भिंतीवर एक उभी रेघ ओढली, पार छपरापर्यंत.

"ही कशाला?"

"तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल कसं पडतंय?"

"गचकं खात."

"तसंच हाय हे. पाणी खाली जाताना वारं वडतंय. वरनं वारं गावलं न्हाय, तर न्हाणीच्या बाकात, त्या वाकड्या नळीत, साचलेलं पाणीच वडून नेतंय. ते साचलेलं पाणी म्हंजे दाराची कडी. कडी निघाली की खड्ड्यातली घाण तुझ्या उशाला."

शेवंताबाई हसली. "म्हंजे वाऱ्यालाबी वाट द्यायची म्हण की."

"कळालं बघ."

काम उरकत आलं. वाऱ्याचा पाईप छपराच्या वर गेला, तसा गुंडू बाहेर आला. त्याच साली त्यानं वास्तूवाला आणून घराचं दार परड्याकडं फिरवून घेतलं होतं.

"पावणं, ह्यो खांब माझ्या दाराम्होरं येतोय."

"खांब न्हवं, पाईप हाय."

"दाराम्होरं उभा ऱ्हायला की खांबच त्यो. घरातला कर्ता माणूस जातोय त्यानं." गुंडूनं मिशीवरनं हात फिरवला. "तुमचं काय, काम करून जाशीला. तुमच्या भनीला इथंच ऱ्हायाचं हाय."

दुसरं कुणी असतं तर आकारामनं त्याला सोलून काढला असता. पण बहीण दिलेल्या घरात भावानं आवाज चढवायचा नाही, ही त्यांच्याकडची रीत. त्यानं शेवंताबाईकडं बघितलं. तिनं खाली बघत मान हलवली, नको म्हणून. आकारामनं करवत उचलली. पाईप बुडातनं कापला, तोंडाला बूच बसवलं.

"पुढल्या खेपंला मागनं फिरवतो," तो म्हणाला. आपलं नेहमीचं बोलणं त्या दिवशी तो बोलला नाही.

पुढली खेप पुढंच जात राहिली. मागच्या अंगाला शेजाऱ्याची भिंत होती, त्याला विचारायला लागणार होतं, आणि आकारामला विनवण्या करायची सवय नव्हती.

बावड्यात तेव्हा कारखान्याचा हंगाम. मळीचा आंबूस वास साऱ्या गावावर बसलेला, त्यात दुसरा वास कुणाला कळणार? बादली ओतली की न्हाणी गुडगुडायची. शेवंताबाईला ते भावाच्या हसण्यासारखं वाटायचं.

होळीच्या सुमाराला कारखान्याचा पट्टा पडला, हंगाम संपला. धुराडं थंडावलं, हवा निवळली, आणि खोलीतला वास उघडा पडला. तिनं राखेनं घासलं, फिनेल ओतलं. वास हटेना. एके दिवशी गुंडूची बायको बायडाबाई दारात आली आणि नाकाला पदर लावून म्हणाली, "आक्का, न्हात जावा की जरा. म्हातारपणात आपल्या अंगाचं आपल्याला कळत न्हाय."

शेवंताबाईनं पदर हुंगला, हात हुंगले. दादानं केलेल्या कामात खोट असेल, हे तिच्या मनाला शिवलंसुद्धा नाही. मग खोट आपल्यातच. ती सकाळ-संध्याकाळ न्हाऊ लागली. पाणी कमी प्यायला लागली. न्हाणीच्या तोंडात चिंध्यांचा बोळा कोंबला, आणि एक दिवस संडास-न्हाणीचं दार लावून पुन्हा रानाची वाट धरली. पण ऊस तुटून गेला होता. आडोशाला लांब, ओढ्यापर्यंत जावं लागायचं. तिथंच एका बांधावर तिचा पाय निसटला.

आकाराम आला तेव्हा ती खाटेवर पडून होती. खुब्याचं हाड मोडलं होतं, आता उभं राहणं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तो उंबऱ्यातच थबकला. नाकानं त्याला सगळं सांगितलं. न्हाणीत जाऊन त्यानं बोळा उपसला.

"हे कुणी कोंबलं?"

"मीच." तिनं तोंड भिंतीकडं फिरवलं. "दादा, जरा लांब बस. माझ्या अंगाला वास येतोय."

तो तिथंच, खाटेच्या पायथ्याशी, खाली बसला. बोळा हातातच होता.

"मला सांगावं वाटलं न्हाय व्हय, शेवंता?"

"काय सांगायचं? तुझ्या हातचं कवा चुकतंय व्हय?"

आकाराम उठला. बाजारातनं पाईप खांद्यावर घेऊन आला. गुंडू दारात आला, काहीतरी बोलणार होता, पण आकारामचं तोंड बघून बाजूला झाला. पाईप छपराच्या वर गेला. आकारामनं भरली बादली ओतली. न्हाणीनं हूं की चूं केलं नाही. सांजच्यापर्यंत खोलीत नुसता सारवणाचा वास उरला. पण भिंतीपलीकडची ती न्हाणी आता शेवंताबाईला उसाच्या रानाहून लांब होती.

चहा न घेताच तो निघाला. हत्यारांची पिशवी कोपऱ्यात तशीच होती.

"दादा, पिशवी ऱ्हायली की रं."

"ऱ्हाऊ दे."

एरवी वळणावर गेला की तो मागं फिरायचा, आणि आपलं ते बोलणं साऱ्या आळीला ऐकू जाईल एवढ्यानं ओरडायचा. गुंडू आपल्या दारात उभा राहून बघत होता, पाईपाची सावली त्याच्या उंबऱ्यावर आडवी पडली होती. शेवंताबाई खाटेवरनं मान उचलून बघत होती. वळण आलं. आकाराम मोकळ्या हातानं, खांदे पाडून, वळणाआड गेला. मान दुखायला लागली तरी ती तिकडंच बघत राहिली.