दाजीचा पंजा

माझ्या बहिणीचा नवरा, म्हणजे माझा दाजी, आमच्या गॅरेजचा हेड मिस्त्री होता. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करायचो. इथे करणार नाही. अकरा वर्षं केलं, पुरे झालं.

आमचं सख्य विळ्या-भोपळ्याचं, आणि त्यात विळा कोण हे वेगळं सांगायला नको. मला गॅरेजात चिकटवलं त्यानेच, तेही ताईने आठ दिवस तोंड फुगवलं म्हणून. पहिल्याच महिन्यात मी एक गिअरबॉक्स जोडून बंद केला. गिऱ्हाईक समोर उभं, मालक बाजूला. दाजी आला, एअर गन उचलली, मी आवळलेले सगळे बोल्ट एकेक करून काढले, तबकात टाकले आणि म्हणाला, "पुन्हा." काय चुकलं ते सांगितलं नाही. मी पुन्हा आवळले, अगदी होते तसेच. तेव्हा म्हणाला, "आता ठीक." त्या दिवशी हा माणूस माझ्या डोक्यात गेला तो गेलाच.

पण खोटं कशाला बोलू, काम त्याला येत होतं. ट्रकच्या इंजिनांवर हात बसवून तो या महागड्या गाड्यांकडे आला. त्यांची पुस्तकं परक्या भाषेतली. याने नुसती चित्रं बघून अख्खी गाडी पाठ केली. आणि त्याचा पंजा. आमच्याकडे रीतच पडली होती: काम संपलं, इंजिन चालू केलं, की दाजी आत बसणार, डॅशबोर्डवर उजवा पंजा पसरणार, डोळे मिटणार, आणि बऱ्याच वेळाने म्हणणार, "शांत." मगच किल्ली गिऱ्हाइकाच्या हातात. त्या एका शब्दासाठी लोक गावाच्या दुसऱ्या टोकाहून यायचे. मालक तर त्याच्यापुढे स्वतःच्याच गॅरेजात पाहुण्यासारखा वागायचा. दाजी नाकावर माशी बसू द्यायचा नाही, आणि कुणी बसवायलाही धजत नव्हतं.

मला त्याची जागा हवी होती. तो पडावा, सगळ्यांसमोर पडावा, आणि तेव्हा मी तिथे असावं, एवढंच माझं मागणं होतं. देवाकडे मागितलं नाही, कारण देवाकडे असलं काही मागू नये असं आमच्या आईने शिकवलं होतं.

गेल्या दोन वर्षांत त्याची काही नवी थेरं सुरू झाली होती. बटणांचे शर्ट सोडून तो गळ्यातून घालायचे बनियनसारखे सदरे घालू लागला. थंडीत सकाळी हात खिशात घालूनच हुकूम सोडायचा. कधी बाहेर काढले तर बोटं खडूसारखी पांढरी दिसायची. उकळता चहा दोन्ही हातांनी पेला धरून घटाघट प्यायचा. मला वाटायचं, ऐट. ताई एकदा म्हणाली, "हल्ली यांच्या हातून कप फार फुटतात रे." मी म्हणालो, "फुटू देत. अजून माणसं फोडायची बाकी आहेत." ती हसली नाही.

मग डॉक्टरीणबाईंची गाडी आली. वीस वर्षांची, काळी, आठ सिलिंडरची. आत बसलं की रस्ता ऐकू येऊ नये आणि पाय दाबला की पाठ सीटला चिकटावी अशी. बाईंची तक्रार साधी होती: सिग्नलला थांबलं की सीट थरथरते, आरशातली मागची गाडी हलताना दिसते. दोन्ही माउंटिंग गेल्या होत्या. माउंटिंग म्हणजे आत तेल भरलेल्या रबरी गाद्या. इंजिन त्यांच्यावर बसतं आणि त्याची थरथर त्या गिळतात. तेल गळून गेलं की गादी चेपते आणि सगळी थरथर मालकाच्या बुडाखाली येते.

दाजीने काम स्वतःकडे घेतलं. इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या चेंबरखाली लाकडी ठोकळा लावून जॅकने इंजिन दोन बोटं उचललं, जुन्या गाद्या काढल्या, नव्या सरकवल्या. डावीकडची सोपी असते. उजवीकडची सायलेन्सरच्या पाइपामागे दडलेली. तिथे डोळा पोचत नाही, हातच पोचतो. गादीच्या बुडाला नखाएवढी खुंटी असते, ती खालच्या भोकात बसावी लागते. बसली की नाही हे बोटांनी चाचपायचं आणि मगच बोल्ट आवळायचा. दाजीने आवळला, वर आला, पंजा ठेवला, म्हणाला, "शांत." बाई किल्ली घेऊन गेल्या.

दुसऱ्या दिवशी गॅरेज उघडायच्या आधी त्या दारात हजर.

"कालच्यापेक्षा जास्त हलतेय," त्या म्हणाल्या. "तुम्ही नक्की काय बदललंत?"

दाजी आत बसला. पंजा ठेवला. डोळे मिटले. "शांत आहे. बाई, तुमचं वय झालं की सगळंच हलल्यासारखं वाटतं."

बाईंचा चेहरा उतरला नाही, चढला. "मी चाळीस वर्षं लोकांच्या पोटात हात घातलाय, मिस्त्री. हलतंय काय आणि हलत नाही काय, ते मला शिकवू नका."

मालकाने घाबरून माझ्याकडे पाहिलं. "तू जरा बस रे."

मी बसलो. अहो, थरथर माझ्या दाढेपर्यंत आली! आंधळ्यालाही कळली असती. मी दाजीकडे पाहिलं, तर तो माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होता. परीक्षेत शेजारच्या पोराच्या पेपरात बघावं तसा. तेव्हा मला उलगडा झाला नाही. मी एवढंच म्हणालो, "खालून बघतो."

गाडी रॅम्पवर घेतली. मी पाइपामागे हात घातला, हातमोजा घालून, कारण बाई गाडी चालवत आल्या होत्या आणि पाइप तापला होता. खुंटी भोकाच्या काठावर तिरकी बसली होती. गादी वाकडी, इंजिन वाकडं. पहिल्या वर्षाच्या शिकाऊ मिस्त्रीची चूक, आणि ती हेड मिस्त्रीच्या हातची! माझ्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. आता फक्त मालकाला हाक मारायची होती.

"काय दिसलं?" दाजी गाडीखाली आला होता.

"खुंटी बसलेली नाही."

"मूर्खा, मी बसवलीय. सरक." त्याने मला खांद्याने ढकललं, उघडा हात आत घातला आणि आधाराला पाइपच धरला. "ही बघ. ही खुंटी. ही बसलेली."

मला आधी वास आला. मग पाहिलं तर त्याची बोटं पाइपावर चिकटली होती आणि तो मला शिव्या देत होता. चेहऱ्यावर सुरकुतीही नाही. मी मनगट धरून हात ओढून काढला. तळव्याची कातडी पाइपावर राहिली. त्याने हाताकडे असं पाहिलं, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे.

"किती दिवस?" मी विचारलं.

"हात सोड."

"दाजी, किती दिवस कळत नाहीये?"

मग माझं मलाच सगळं जुळलं. तीस वर्षं थरथरती एअर गन धरून त्याच्या बोटांतला जीवच गेला होता. दोन वर्षं तो पंजा ठेवत होता तो नाटकाचा. डोळे मिटल्यासारखे करून फटीतून गिऱ्हाइकाचा चेहरा वाचायचा आणि शांत म्हणायचा. बुडाखालची थरथर त्याला कळत असेलही, पण ती नेहमीची की चुकीची, हे बोटांशिवाय त्याला ठरवता येत नव्हतं. कामं चांगली असायची, कारण अर्धी मी करायचो.

मी म्हणालो, "मी खुंटी बसवतो. तुम्ही नंतर आत बसून पंजा ठेवा. कुणाला काही कळणार नाही."

हे मी ताईसाठी म्हणालो, असं सांगायला बरं वाटलं असतं. थोडं तिच्यासाठी होतंही. पण जास्त यासाठी, की मालकासमोर तो एकदाच पडला असता. माझ्या उपकाराखाली जन्मभर वाकून राहिला असता. रोज सकाळी त्याने मला बघावं आणि मान खाली घालावी, हे मला हेड मिस्त्री होण्यापेक्षा गोड वाटलं. त्यालाही ते समजलं. तो हाताला फडकं गुंडाळून गाडीखालून बाहेर गेला.

मी इंजिन उचललं, बोल्ट ढिले केले, खुंटी भोकात बसवली, इंजिनाचं वजन गादीवर येऊ दिलं आणि मग आवळलं. गाडी खाली आली. चालू केली. बाई आणि मालक दाजीकडे बघत उभे.

दाजी गाडीत बसलाच नाही.

"काल खुंटी माझ्या हातून चुकली," तो मालकाला म्हणाला. "आज यानं बसवलीय. मला हाताला काही कळत नाही. दोन वर्षं झाली. बाई, मघाशी वयाचं बोललो, चुकलं माझं." मग माझ्या जवळून जाताना हळूच म्हणाला, "तुझ्या उपकारावर जगण्यापेक्षा घरी बसेन."

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते काय खोटं नाही. मालकाने दोन मिनिटं डोकं खाजवलं आणि म्हणाला, "उद्यापासून तूच बघ मग सगळं." अकरा वर्षांचं माझं स्वप्न असं, फेकलेलं फडकं झेलावं तसं माझ्या हातात पडलं. मला त्याचा इतका राग आला की काही सुचेना. त्याने मला जिंकूही दिलं नव्हतं.

संध्याकाळी मी ताईकडे गेलो. तीन जिने चढून दार वाजवलं. तिने उघडलं, पण बाजूला झाली नाही. मागे पलंगावर दाजी बसलेला, हाताला पांढरी पट्टी.

"झालं समाधान?" ताई म्हणाली. "मालकांना सांगून माझ्या नवऱ्याची जागा घेतलीस?"

"मी नाही सांगितलं! त्यांनी स्वतः सांगितलं. विचार त्यांना. दाजी, सांगा ना हिला!"

दाजीने मान वर केली. अकरा वर्षांत पहिल्यांदाच त्याच्या आवाजात धार नव्हती.

"आज नाही सांगितलंस," तो म्हणाला. "पण कधीच सांगणार नव्हतास का?"

नाही म्हणायला मला क्षणभर उशीर झाला. ताईला तेवढा पुरला. तिने माझ्या तोंडावर दार लावून घेतलं.