द्वारकाबाईच्या डब्यातली केळी

बसस्टँडाच्या फाटकापाशी चतुराबाईचा केळ्याचा गाडा. पिशोरच्या सकाळच्या गाडीनं शहरात राहणाऱ्या पोरांचे घरचे डबे यायचे. ड्रायव्हर ते तिच्या गाड्याखाली ठेवायचा, पोरं येऊन न्यायची, संध्याकाळच्या गाडीनं डबे परत. ह्याचं तिला कुणी काही देत नव्हतं, तिनंही मागितलं नव्हतं. पण एकाचा डबा दुसऱ्याच्या हाती गेला, असं कधी झालं नव्हतं. पिशोरच्या बाया तिला न बघताच तिच्या भरवशावर होत्या.

मग पिशोरच्या द्वारकाबाईचा पोरगा सोमिनाथ वाळूजला कंपनीत लागला. जाताना म्हणाला, "मावशे, मला कँटीनचं जेवण हाय. पण आईला सांगू नको, ती लई मनाला लावून घेती. डबा तू खा, नायतर टाक."

टाक म्हणणं सोपं होतं. चतुराबाईनं दोन दिवस भाकरी गायीला घातली. तिसऱ्या दिवशी डबा स्टँड झाडणाऱ्या सांडूपुढं सरकवला. त्याची बायको वारलेली, वडापाववर दिवस चाललेले. सांडूनं खाल्लं अन् डबा घासून आणून दिला. लोकाघरचं भांडं रिकामं कसं धाडायचं, म्हणून चतुराबाईनं सवयीनं त्यात दोन केळी टाकली. रोजच टाकायला लागली.

तिथंच चुकलं. सोमिनाथनं उभ्या जन्मात डबा विसळला नव्हता, अन् आता घासलेल्या डब्यात केळी. द्वारकाबाई आधी हरखली, मग तिला घोर लागला. फोनवर पोरगं म्हणे, सगळं ठीक हाय. शेवटी एके दिवशी ती डबा मांडीवर घेऊन स्वतःच गाडीत बसली अन् गाड्यापुढं येऊन उभी राहिली.

"सोमिनाथ कुठंय?"

आत्ताच गेला, असं म्हणता आलं असतं. खरं सांगावं तर द्वारकाबाई गावात बोभाटा करणार, अन् उद्यापासून एकही डबा यायचा नाय. तरी चतुराबाईनं सगळं सांगितलं. झाडणारा सांडूही दाखवला.

द्वारकाबाईनं आधी पोराचा उद्धार केला, मग तिचा. "मी येड्यावानी पहाटं उठते. तुला सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं तर उठून काय केलं असतंस?"

सांडू झाडू टेकवून जवळ आला, परकी बाई बघून थबकला. द्वारकाबाईनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तिखट लागत होतं का?"

"व्हय. जरा," सांडू म्हणाला.

"आमच्या पोराला तसंच लागतं." तिनं डबा त्याच्या हातात दिला अन् वाळूजची बस कुठं लागते ते विचारून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी पिशोरची गाडी आली. चतुराबाई केळी विकायची सोडून दाराशी जाऊन उभी राहिली. सगळ्यांचे डबे उतरले. द्वारकाबाईचा तेवढा नव्हता. बाकीच्यांचे आले, म्हणजे गावात ती काही बोलली नव्हती.

पुढच्या दिवशी चतुराबाईनं पडेगावच्या आपल्या घरून दोन भाकरी जास्तीच्या आणल्या. सांडूनं फडकं सोडून बघितलं.

"ह्या पिशोरच्या नाय वाटतं?"

"नाय. खायच्या तर खा."